धाकटीचे दोन, माझे दोन

मी जळते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला शहाणपण शिकवायला नको. माझी धाकटी जाऊ मनिषा, तिच्यावर मी ती घरात आली त्या दिवसापासून जळते आणि आज बी जळते. गल्लीतल्या बाया म्हणतात, सत्यशीला, जावा-जावांत असतंच गं असं थोडंफार. थोडंफार न्हाई बायांनो, माझं लई हाय.

आता तुमीच सांगा, काय करावं असल्या बाईचं? अंबाजोगाईची पोरगी, बीसीए झालेली. रंगानं माझ्यापेक्षा सावळी, तेवढी एक गोष्ट देवानं माझ्या बाजूनं ठेवली, पण ती हसली की ते बी कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. भाकरी करायला बसली तर परातीबाहेर पीठ सांडत न्हाई. आजारी पडली तर घर तिच्या उशापाशी गोळा होतं. मी आजारी पडले की समदे विचारतात, आज सैपाक कोण करणार? आमची सासू भिवराबाई, जिनं मला पहिली पाच वर्सं नावानं हाक मारली न्हाई, ती हिला "मनू" म्हणते. मनू! ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझं लगीन झालं तवा आमच्या घरची गत वेगळी होती. दसरा झाला की आमी दोघं नवरा-बायको कारखान्यावर जायचो ऊस तोडायला. माझ्या हाताला अजून घट्टे हायत. पुढं माळावरल्या हिरीला पाणी लागलं, नवरा शेतीत पडला आणि आमचं जाणं सुटलं. बारावी माहेरीच झालेली होती. मी हट्टानं वडवणीला जाऊन एमएससीआयटी केली, मराठी-इंग्रजी टायपिंग केलं, आणि आप्पांच्या संस्थेच्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीत लागले. कायम न्हाई, हंगामी. आज निघ म्हणले की निघायचं. लई वर्सं तशीच काढली, एका आशेवर, की कवातरी लॅब असिस्टंटची कायम जागा निघंल आणि त्या खुर्चीवर मी बसंल.

मनिषाला त्या शाळेत मीच लावली. हेच तर माझ्या जिवाला खातं. माझा दीर अजिनाथ म्हणला, "वहिनी, आप्पांपाशी शब्द टाका की. मनिषा घरी बसून कटाळली." सासूबी मागं लागली. मी टाकला शब्द. आप्पा म्हणजे संस्थेचे मालक, आमच्या भागातलं मोठं प्रस्थ, पण माणूस साधा. बायाबापड्यांचं ऐकून घेतो. लगेच हो म्हणले. सहा महिन्यांत काय झालं? हेडमास्तर मोहनराव सर खोलीत येऊन विचारायला लागले, "मनिषा मॅडम कुठायत?" मी समोर बसलेली! त्या मॅडम आणि मी सत्यशीलाबाई. पोरं पण तिच्याच भवती. ती अजिनाथच्या मोटरसायकलवर येणार, इस्त्रीचा ड्रेस घालून. मी काळीपिवळी जीपमधी चेंगरून येणार. पोटात दुखंल का न्हाई माणसाच्या?

तर त्या टॅबलेटचं ऐका.

आमची शाळा वसतिगृहाची. वडवणीहून तेलगावला जाताना लागते. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं इथं ऱ्हातात. ह्या साली पुण्याच्या कुठल्यातरी कंपनीनं पोरांसाठी साठ टॅबलेट दान दिले. वापरलेले, विंडोजवाले, पाटीएवढे. आत समदं त्या कंपनीचंच भरलेलं. ते पुसून आपल्या शाळेची सिस्टीम टाकायची होती. विंडोज मारायची, म्हणतात आमच्याकडं. एकेकाला पेनड्राइव्ह लावून मारत बसलं असतं तर वरीस सरलं असतं. म्हणून सिस्टीम लॅबमधल्या सर्व्हरवर ठेवलेली. टॅबलेट वायरीनं जोडला, दोन बटनं दाबली, की सर्व्हर आपणहून त्याच्यात समदं भरतो आणि त्याला नाव देतो: टॅब-एक, टॅब-दोन, असं. कोऱ्या टॅबलेटला वायफाय कळत न्हाई, वायरच लागते. आणि टॅबलेटला वायर लावायला जागाच नसते. म्हणून मधी अडॅप्टर लागतो. बोटाएवढी डबी; एका अंगाला टॅबलेटमधी जाणारी पिन, दुसऱ्या अंगाला नेटची वायर. कंपनीनं टॅबलेट दिले साठ आणि अडॅप्टर दिले चार. एकाचं झालं की काढायचा आणि दुसऱ्याला लावायचा.

आणि त्याच आठवड्यात ती जागा मंजूर झाली. लॅब असिस्टंट, कायम. एकच.

आप्पांनी आमा दोघींला बोलावलं. "दोघी एकाच घरातल्या," म्हणले. "मी एकीला निवडली तर तुमची सासू माझ्या दारात येऊन बसंल. तवा असं करा. टॅबलेटचं काम दोघी मिळून करा. टॅबलेट वाटायच्या कार्यक्रमाला बीडहून साहेब येणारेत, साठ पोरं टॅबलेटवर बसून पेपर सोडवणार. त्या दिवशी कुणाचं काम कसं ते मला दिसंल. जिचं चांगलं तिला जागा."

मिळून करा म्हणले. मी बाहेर आल्याबरोबर वाटणी केली. तीस तिचे, तीस माझे. दोन अडॅप्टर तिचे, दोन माझे. तिनं तोंड वासलं. "अक्का, वाटणी कावून? एकीनं लावायचे, एकीनं तपासायचे, लवकर उरकंल."

"नगं," म्हणले. "उद्या आप्पा विचारतील कुणी काय केलं, तवा तुझं-माझं निवडत बसायला नगं."

मी कामाला लागले. आणि खरं सांगते, माझा हात असा चालत होता! अडॅप्टर लावला, बटनं दाबली, सर्व्हर भरायला लागला, भरून झालं, पडद्यावर शाळेचं चित्र आलं, काढला, पाठीमागं नंबराची चिठ्ठी डकवली, पुढचा. दुपारपर्यंत माझ्या टेबलावर ही चळत. तिच्याकडं बघते तर बाईसाहेब दुसऱ्याच टॅबलेटवर अडकलेल्या. सर्व्हरपुढं बसून कायतरी वाचायलीय, डोकं खाजवायलीय. मला इतकं बरं वाटलं! मी मुद्दाम तिच्या टेबलाजवळनं पाणी प्यायला गेले. म्हणले, "काय गं मनिषा, बीसीएमधी हे शिकवत न्हाईत वाटतं."

ती हसली. तिला राग कसा येत न्हाई देव जाणे. तो बी मलाच येतो, तिच्या वाटचा.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी आली. "अक्का, तुमचे दोन अडॅप्टर जरा द्या ना. त्याच्या पाठीवरला नंबर मला सर्व्हरला सांगायचाय, न्हाईतर—"

"न्हाईतर काय? तुझे दोन बिघडले का?"

"न्हाई अक्का, बिघडले न्हाईत. सर्व्हर टॅबलेट ओळखतच—"

मी पुढचं ऐकूनच घेतलं न्हाई. मला दिसत होतं ना तिचं: दोन अडॅप्टरवर मागं पडलीय, आता चारी पाहिजेत! म्हणले, "तुझे दोन तुझ्यापाशी, माझे दोन माझ्यापाशी. वाटणी झालीय." आणि डबा खायला गेले तवा माझे अडॅप्टर ड्रॉवरमधी घातले, कुलूप लावलं, किल्ली ब्लाऊजमधी. संध्याकाळी तिनं परत विचारलं. "नंबर तरी लिहून द्या मंग." मी म्हणले, बघू. बघणार कशाला होते मी? तवर माझे तीसच्या तीस झालेते. तिचे अजून अर्धे बी न्हाई. पुढं तिचा बी हात सुटला आणि तिनं वेळेत संपवले, पण पहिली तर मीच होते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मोहनराव सर म्हणले, एकदा साठच्या साठ संगं चालवून बघा. मी म्हणले, "सर, माझे समदे चालू करून बघितलेत. ज्यांच्या कामाला उशीर झाला त्यांचे बघा." असं म्हणले मी! भर खोलीत! आणि तिचे तेवढे तपासले, समदे नीट चालले. मला जरा वाईटच वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी अबोली रंगाची साडी नेसले. सासूलाबी आणलेलं. मांडव, सतरंज्या, पोरं रांगेत, प्रत्येकाच्या पुढं टॅबलेट. डाव्या अंगाला माझे तीस, उजव्या अंगाला तिचे. साहेबांनी नारळ फोडला, आप्पा दोन शब्द बोलले, आणि पोरांनी पेपर उघडला.

उजवीकडली पोरं माना खाली घालून लिहायला लागली. डावीकडं एक पोरगी म्हणली, "बाई, माझा गेला." मी पळत गेले. तिचा पेपर परत उघडून दिला, तर शेजारच्याचा गेला. त्याचा लावला, तर मागं तिसऱ्याचा गेला. एकाचा उघडला की दुसरा बाहेर. माझ्या तीस पोरांतली दोघंच कशीतरी टिकायची, बाकीची "बाई, बाई" करून ओरडायली. मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळते, साडीत पाय अडकतोय, घामानं कुकू डोळ्यात उतरलंय. साहेब बघायलेत. आप्पा बघायलेत. सासू पहिल्या रांगेतून मान वर करून बघायलीय.

मनिषा आली, माझ्या एका पोराच्या हातातला टॅबलेट घेतला, आत जाऊन त्याचं नाव बघितलं. टॅब-एक. शेजारचा बघितला. टॅब-एक. पलीकडचा, टॅब-दोन. पाठीवर माझ्या हातच्या चिठ्ठ्या, समद्या येगळ्या. आत नाव दोनच. पंधरा जण टॅब-एक आणि पंधरा जण टॅब-दोन. पेपरचा प्रोग्राम एका नावाच्या एकालाच आत बसू देतो, दुसरा आला की पहिल्याला हाकलतो.

तिनं मला दोन वाक्यात सांगितलं आणि मला चटकन कळलं. सर्व्हर टॅबलेट ओळखत न्हाई. वायरीच्या टोकाला जो अडॅप्टर असंल त्याचा नंबर ओळखतो. ऊसतोडीत मुकादम माणसं कुठं मोजतो? कोयता मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मी पाच साल राबले, पण हजेरीत माझं नाव कवा आलं न्हाई. नवऱ्याच्या नावानं एक कोयता, झालं. तसंच हे. माझ्या अडॅप्टरला दुसरा टॅबलेट लावला तरी सर्व्हर म्हणायचा, हां, हा तर टॅब-एक, परत आलाय, भरा त्याच्यात परत. मनिषाच्या ते दुसऱ्याच टॅबलेटला ध्यानात आलेलं. तिनं सर्व्हरला सांगून ठेवलेलं, की ह्या ह्या अडॅप्टरचा नंबर ध्यानात घेऊ नको, टॅबलेटच्या पोटातला त्याचा स्वतःचा नंबर बघ. पण तिच्यापाशी नंबर होते तिच्या दोनचेच. माझे दोन कुलपात.

तवर आप्पा खाली उतरून आले. साहेबांपुढं हसं झालेलं, तोंड लाल. "काय झालं? हे तीस कुणाचे?"

मी तोंड उघडायच्या आत मनिषा पुढं झाली. पदर नीट केला. मऊ आवाजात म्हणली, "आप्पा, चूक माझी हाय. अडॅप्टरचे नंबर सर्व्हरला सांगायचं काम माझं होतं. अक्कांच्या दोनचे टाकायचे माझ्याकडून राहून गेले. अक्कांचा काही दोष न्हाई."

आप्पांचं तोंड बदललं. राग उतरला. तिच्याकडं असं बघायला लागले, जसं माणूस देवळात बघतं. साहेबांनी मान हलवली. पाठीमागं माझी सासू बोलली, मला साफ ऐकू आलं, "बघा, कसली गुणाची हाय. थोरलीला पाठीशी घालायली."

गप्प बसले असते तर? चूक तिनं घेतलेली. आप्पा तिच्यावर खूष असले तरी साहेबांपुढं चुकलेल्या बाईला जागा देणं अवघड होतं, आणि माझा दोष न्हाई असं तिनंच सांगितलेलं. खुर्ची माझ्याकडं सरकायली होती. मला दिसत होतं ते. मी काय खुळी न्हाई.

पण माझं डोकं फिरलं. सासू हिची. सर हिचे, पोरं हिची. मोठं मन बी हिचंच. आणि आता माझी चूक, माझी स्वतःची, माझ्या हातानं केलेली, तीबी हिलाच पाहिजे? मंग माझ्या नावावर ऱ्हाणार काय?

"खोटं बोलायली ती!" मी वरडलेच. अख्खा मांडव वळला. "आप्पा, तिचं काय ऐकू नका! चूक माझी हाय! तिनं दोनदा अडॅप्टर मागितले, मी दिले न्हाईत. ड्रॉवरमधी घालून कुलूप लावलं. ही बघा किल्ली!" आणि काढली की किल्ली, तिथंच, साहेबांपुढं. "सरांनी काल तपासा म्हणलं, मी तपासू दिलं न्हाई. समदं मीच केलंय. हिचा ह्यात काडीचा संबंध न्हाई!"

"अक्का—" मनिषा म्हणली.

"तू गप्प बस! लई झालं तुझं चांगलंपण!"

एका पोराच्या हातातून टॅबलेट सतरंजीवर पडला. आप्पा माझ्याकडं बघत उभे. मग म्हणले, "सत्यशीला, बस जरा. पाणी पी."

दोन दिवसांनी आमी दोघींनी मिळून ते तीस परत केले. ह्या वेळी मी अडॅप्टरचे नंबर वाचून दाखवले, तिनं सर्व्हरला सांगितले. एकमेकींशी कामापुरतंच बोललो. मग आप्पांनी खोलीत बोलावलं. जागा मनिषाला. मला ठाऊकच होतं. इतकी वर्सं ज्या खुर्चीकडं बघत आले ती मी माझ्या तोंडानं घालवली. घरी जाताना काळीपिवळीत मी पदरात तोंड घालून रडले, आणि शेजारच्या बाईला सांगितलं दाढ दुखतीय.

पण आप्पा एक बोलले होते त्या दिवशी. "सत्यशीला," म्हणले, "माझ्या आजवरच्या राजकारणात भर सभेत स्वतःची चूक अशी कबूल केलेलं माणूस मी बघितलं न्हाई. तुझी नोकरी हंगामी असली तरी मी हाय तवर तुला कुणी हात लावणार न्हाई." आणि हे ते चार ठिकाणी बोलले. बाजाराच्या दिवशी वडवणीत बोलले. बाया मला थांबवून विचारायला लागल्या. खरं का गं? साहेबांपुढं? माझं नाव एकदम झालं. काय तर म्हणे सत्यवचनी! मी? कुणाला सांगणार, की बायांनो, खरं बोलायची हौस आलती म्हणून न्हाई बोलले, पोट जळालं म्हणून बोलले? न्हाई सांगितलं. कावून सांगू?

ऑर्डर निघाली त्या दिवशी मनिषा पेढे घेऊन आली. नवी साडी, हातात पेढ्याचा पुडा, अजिनाथ मागं मिशीत हसायलाय. ओसरीवर गल्लीतल्या चार-पाच जणी बसलेल्या आणि मधी आमची सासू. मला वाटलं, आता सुरू होणार मनू-मनू. मी सैपाकघराच्या दारात उभी ऱ्हायले, मनाची तयारी करून.

मनिषा पाया पडली. सासू म्हणली, "सुखी ऱ्हा." एवढंच. आणि लगेच बायांकडं वळली. "तर काय सांगत होते मी? हां. आमची थोरली! भर मांडवात उभी ऱ्हायली, किल्ली काढली न म्हणली, चूक माझी हाय! साहेब बघतच ऱ्हायले. असं काळीज लागतं बायांनो. नोकऱ्या काय, कुणाला बी लागतात. माझ्या सत्यशीलेसारखं खरं बोलायला काळीज लागतं."

माझ्या सत्यशीलेसारखं! लग्नाला इतकी वर्सं झाली, पहिल्यांदा ऐकलं मी ते.

मनिषा पुडा उघडून तशीच उभी. कुणाचं तिच्याकडं ध्यान न्हाई. ती हसतच होती, पण ओठ नुसते ताणलेले, आणि डोळे एकदा सासूकडं, एकदा माझ्याकडं. नाकपुडी जराशी फुगलेली. पुड्यावरची बोटं घट्ट. कुणाला कळलं नसतं ते. अजिनाथला तर जन्मात कळणार न्हाई. पण मला कळायला काय वेळ लागतोय? ते तोंड घेऊन मी ह्या घरात वर्सानुवर्सं भाकरी थापल्यात.

जळायली होती पोरगी. माझ्यावर!

अगं माय, मला जे बरं वाटलं म्हणून सांगू! मी सरळ पुढं गेले, पुड्यातला एक पेढा उचलून तोंडात टाकला, आणि दुसरा तिच्याकडनं मागून घेतला.